साक्षीदाराची सही

(मंचाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मघाशी ओळख करून देताना 'संशोधक आणि वेडिंग फोटोग्राफर' असे म्हटले गेले, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसले. मला राग आला नाही, कारण माझी आईसुद्धा अशीच हसते. आठवड्याचे पाच दिवस मी प्रयोगशाळेत पॉलिमरमधून प्रकाश कसा विखुरतो ते मोजते, आणि शनिवारी, किंवा रजा टाकून शुक्रवारी, लोकांच्या लग्नांचे फोटो काढते. आई ओळखीच्यांना पहिल्या कामाविषयी सांगते, दुसऱ्याविषयी गप्प बसते. तिच्या डोळ्यांसमोरचा लग्नातला फोटोग्राफर म्हणजे घाम पुसत पंगतीतून फिरणारा आणि शेवटची पंगत उठताना ज्याला कोणीतरी 'अहो, तुम्हीपण जेवून घ्या' म्हणते तो माणूस. त्या कामासाठी पीएच.डी. कशाला, हा तिचा सवाल. त्याचे उत्तर आज इथे द्यायचा प्रयत्न करते.

आधी एक खुलासा. चारशे पाहुण्यांची, घोड्यावरून येणाऱ्या नवरदेवाची लग्ने मी करत नाही. ती करणारे उत्तम लोक आहेत. माझ्याकडे येणारी जोडपी निराळी असतात. दोन पुरुष, दोन स्त्रिया, दोन धर्म, दोन देश, सत्तरी ओलांडलेले दोघे. लग्नाच्या जागाही तशाच: सिटी हॉलचा जिना, ओहोटीच्या वेळचा समुद्रकिनारा, घराचे गराज, एकदा तर इस्पितळातली खोली. अशी वर्षाला दहा-बारा लग्ने होतात.

सुरुवात कशी झाली ते सांगते. २००४ साली मी बे एरियात पीएच.डी. करत होते. १२ फेब्रुवारीला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये, त्या वेळचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांच्या सूचनेवरून, समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला सुरुवात झाली. पहिले लग्न लागले डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांचे. दोघी तोवर पन्नासेक वर्षे एकत्र राहत होत्या. ही बातमी पसरली आणि त्या शनिवार-रविवारी इमारतीभोवती रांगा लागल्या. पाऊस पडत होता, तरी लोक हलले नाहीत. माझ्या लॅबमधला एक सहकारी आपल्या जोडीदाराबरोबर त्या रांगेत होता. त्याने फोन केला, "तुझ्याकडे कॅमेरा आहे ना? ये."

माझ्याकडे वडिलांनी दिलेला जुना निकॉन होता आणि ३६ फोटोंचा एक रोल. मी गेले. छत्र्या, प्लास्टिकच्या पिशव्या डोक्यावर घेतलेली माणसे, अनोळखी लोकांनी आणून दिलेली कॉफी. आत गेल्यावर माझ्या मित्राचे लग्न पाच-सात मिनिटांत लागले. तोवर रोलमधले चारच फोटो उरले होते, कारण बाकीचे मी रांगेवर उधळले होते. त्या चारांपैकी एक हलला.

जवळजवळ महिनाभरात सुमारे ४,००० जोडप्यांची लग्ने लागली. ११ मार्चला न्यायालयाने ती थांबवली, आणि १२ ऑगस्टला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने महापौरांना तो अधिकारच नव्हता असे सांगून सगळी लग्ने रद्द ठरवली. कागदोपत्री ती कधी झालीच नव्हती. माझ्या मित्राने त्या दिवशी माझ्याकडे फोटोंच्या आणखी प्रती मागितल्या. म्हणाला, "प्रमाणपत्र गेले. आता आम्ही तिथे उभे होतो एवढे सांगणारे हेच तीन फोटो."

तोवर मी फोटोग्राफी म्हणजे भिंग, छिद्र आणि प्रकाश असेच समजत होते. त्या वाक्याने मला या कामाकडे वळवले. डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांनी १६ जून २००८ रोजी पुन्हा लग्न केले, या वेळी न्यायालयाच्या निकालानुसार. डेल तेव्हा ८७ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी २७ ऑगस्टला त्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये 'प्रपोझिशन ८' मंजूर होऊन दार पुन्हा बंद झाले, ते २०१३ मध्ये उघडले, आणि २६ जून २०१५ च्या निकालाने साऱ्या देशात उघडले. कॅलिफोर्नियाच्या संविधानातला 'प्रपोझिशन ८'चा मजकूर मात्र मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकला. सांगायचा मुद्दा असा की, ज्यांच्या लग्नाचा कागद इतक्या वेळा फिरवला गेला, त्यांच्या दृष्टीने फोटो ही हौस नसते.

तरी हा व्यवसाय सुरू व्हायला बरीच वर्षे गेली. कारण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे: एच-वन-बी. (हशा.) त्या व्हिसावर ज्याने नोकरी दिली त्याच्यासाठीच काम करायचे, बाहेर एक डॉलरही कमवायचा नाही. त्यामुळे तेव्हा फक्त जवळच्या मित्रांच्या लग्नांना पाहुणी म्हणून जायचे आणि गळ्यात कॅमेरा असायचा. ग्रीन कार्ड हातात पडले त्या आठवड्यात मी दुसरी लेन्स घेतली.

आता पीएच.डी.च्या उपयोगाविषयी. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक मोठा भोळा असतो. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करड्या रंगाचे आहे, असे धरून तो चालतो. पांढरा पोशाख भरपूर असेल तर तो फोटो काळवंडवतो, काळा सूट असेल तर फिकट करतो. आता एक गोरी व्यक्ती आणि एक सावळी किंवा काळी व्यक्ती एकमेकांना बिलगून उभी असतील तर? एकाचा चेहरा नीट आला की दुसऱ्याचा बिघडतो. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळा रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो वापरत. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर अनेक वर्षे गोऱ्या कातडीची स्त्री असायची. म्हणजे 'नॉर्मल' कातडी कोणती, हे डब्यात फिल्म भरण्याआधीच ठरलेले होते. आपल्याकडे स्टुडिओवाले नवरीला 'उजळ' करून देत, त्यामागेही हीच समजूत.

यावर उपाय अवघड नाही. उजेड समोरून न घेता बाजूच्या खिडकीतून घ्यायचा, सावळ्या व्यक्तीला खिडकीच्या बाजूला उभे करायचे, आणि मापकाचे न ऐकता चेहऱ्यावरचा प्रकाश स्वतः मोजायचा. पण मुळात दोघांचेही चेहरे महत्त्वाचे आहेत, हे आधी ठरवावे लागते. प्रकाश मोजणे ही त्यापुढची गोष्ट.

या कामात मला सगळ्यात जास्त शिकवले ते माझ्याच कागदपत्रांनी. माझ्या करारात दोन रकाने होते, 'वर' आणि 'वधू'. सोबत आवश्यक फोटोंची यादी: वधू आणि तिचे वडील, वराची आई, दोन्ही कुटुंबे एकत्र. एका जोडप्याने तो करार परत पाठवला तेव्हा दोन्ही रकान्यांवर काट मारून फक्त नावे लिहिली होती, आणि यादीवर मोठे प्रश्नचिन्ह. त्यांच्यापैकी एकीला घरातून १९ व्या वर्षी बाहेर काढले होते. तिच्याकडे मी 'वधू आणि वडील' हा फोटो मागत होते.

ही यादी मी नेटवरून उचलली होती, तीत माझे काही नव्हते असे मला वाटायचे. पण कुटुंब म्हणजे काय याची एक पक्की व्याख्या तीत बसलेली होती, आणि ती मी माझ्या नावाने पाठवत होते. आपण पुरोगामी म्हणवणारे लोक विचार बदलतो, फॉर्म तसेच ठेवतो.

आता मी यादी पाठवत नाही. तीन प्रश्न विचारते. पहिला, त्या दिवशी तुमच्या जवळ उभे राहायला हवे असे कोण आहे? नाते कोणतेही चालेल. उत्तरे पाहा: घरमालकीण, केमोथेरपीची नर्स, पूर्वीचा नवरा, कुत्रा. दुसरा, ज्याचा विषय काढू नये असे कोणी आहे का? आणि तिसरा, कोणाचा फोटो काढायचा नाही, आणि कोणता फोटो कुठेही जाता कामा नये?

तिसरा प्रश्न मी चुकीतून शिकले. ती चूक सांगते, कारण ती लपवून हे भाषण करणे बरे नाही. सुरुवातीच्या काळात एक आंतरधर्मीय लग्न होते. मुलीच्या घरी भारतात अजून सांगितलेले नव्हते. त्यांना हवे तेव्हा ते सांगणार होते. मला हे माहीत होते, म्हणून मी वेबसाइटवर चेहरे असलेला एकही फोटो टाकला नाही. फक्त दोन हातांचा एक फोटो टाकला. सुंदर आला होता, मोह आवरला नाही. तिच्या हातात आजीची जुनी बांगडी होती. चुलत भावाने बांगडी ओळखली. बातमी तिने सांगायच्या आधी घरी पोचली, तीही तिसऱ्याच माणसाच्या तोंडून. पुढची दोन वर्षे तिच्या घरून फोन आला नाही. तिने मला कधीही दोष दिला नाही, त्यामुळे ते अधिकच लागले. आज त्या वेबसाइटवर रिकाम्या जागांचे आणि खिडक्यांचे फोटो जास्त आहेत. धंद्याला ते बरे नाही. असो.

एक आनंदाचे उदाहरण देते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई लग्नातून रडतच परत येते. मराठी आजी ७१ वर्षांच्या, आजोबा ७४ चे. दोघांचेही जोडीदार गेलेले. ओळख सकाळच्या फिरण्यात झाली. आजींच्या मुलाचे म्हणणे, "एकत्र राहा ना, लग्न कशाला? लोक काय म्हणतील?" यातला विनोद तुमच्या लक्षात आला असेल. आईने लग्नाशिवाय राहावे असा आग्रह धरणारा मुलगा! आजी म्हणाल्या, "मला त्याची मैत्रीण म्हणून इस्पितळाच्या बाहेर बसायचे नाही." लग्न मुलीच्या गराजमध्ये झाले, कारण बाहेर ऊन फार होते. कॅलिफोर्नियात कित्येक काउंट्यांमध्ये एका दिवसापुरते विवाह लावण्याचा अधिकार सामान्य माणसाला मिळवता येतो. तो नातीने मिळवला होता. गराजचे दार अर्धे उघडे ठेवले की जो उजेड आत येतो, त्याहून चांगला स्टुडिओ मी पाहिलेला नाही. कुंकू कोणी लावायचे यावर दोन मिनिटे गोंधळ झाला, मग आजींनी आरसा मागवून स्वतःच लावले. मुलगा आला होता. मागे फ्रीजपाशी उभा होता. तिसऱ्या फोटोत तो पुढे सरकलेला दिसतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

आपल्यापैकी कितीजणांची लग्ने नोंदणी पद्धतीने झाली? हात वर करा. (निम्म्याहून अधिक हात वर.) मला वाटलेच होते. तुमच्या साक्षीदारांची नावे आठवतात? सगळ्यांची?

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार लागतात. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीविना लग्ने सुरू केली, तेव्हा पुरोहित काढला, पण जमलेली माणसे काढली नाहीत. अगदी वैदिक पद्धतीत कोणी मनुष्य नसला तरी अग्नीची साक्ष लागते. म्हणजे लग्नातून हुंडा काढा, मुहूर्त काढा, मंत्र काढा, वर-वधू हे रकानेही काढा, तरी दोन माणसांखेरीज एक गोष्ट उरते: 'हे झाले, मी पाहिले' असे म्हणणारे कोणीतरी.

कॅलिफोर्नियात नेहमीच्या सार्वजनिक परवान्यावर निदान एका साक्षीदाराची सही लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमधल्या छोट्या समारंभाला सहाच पाहुणे आणता येतात, आणि पुष्कळ जोडपी एकही पाहुणा न आणता येतात. मग सही कोण करणार? फोटोग्राफर. माझी सही किती परवान्यांवर आहे हे मी मोजायचे सोडून दिले आहे. घुमटाखालचा तो संगमरवरी जिना चढायचा, वर हार्वी मिल्क यांच्या अर्धपुतळ्याजवळ समारंभ, मी डाव्या हाताने कॅमेरा सांभाळत उजव्या हाताने सही करते. ज्या इमारतीत १९७८ साली मिल्क यांना गोळ्या घातल्या गेल्या, तिथेच हे चालते. दर वेळी सही करताना माझ्या मनात येते की इथे या दोघांची आई, मावशी, भाऊ, कोणीतरी असायला हवे होते. माझी सही ही त्यांच्या गैरहजेरीचीही नोंद आहे.

शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते. संबंधितांनी परवानगी दिली आहे, नावे मी घेणार नाही.

नाशिकची मुलगी, इथे इंजिनियर. तिची जोडीदार इथलीच, ओहायोची. लग्न सिटी हॉलला. मी नेहमीचे तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याचे उत्तर आले, "आई येणार आहे. तिचा फोटो काढायचा नाही. ती या एका अटीवर येते आहे."

काकू आल्या. हिरवी इरकल, पायात बूट, अंगात मुलीचा जाड कोट. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, तुला मुलीने सांगितले असेल. तिकडे फोटो गेला की सगळ्या ग्रुपवर फिरतो. मला तिथे राहायचे आहे. यांच्या भावांच्या तोंडाला मी कुठे लागू?" मी म्हटले, "काकू, एकही काढणार नाही. शब्द देते." सबंध सकाळ मी त्यांना चौकटीबाहेर ठेवले. सोपे नव्हते, कारण मुलगी सारखी त्यांच्याकडे वळत होती. त्यामुळे माझ्या बऱ्याच फोटोंत नवरी चौकटीच्या बाहेर कोणाकडे तरी पाहून हसते आहे.

समारंभाआधी खाली काउंटरवर कागद आला. साक्षीदाराचा रकाना रिकामा होता. मी सवयीने पेन काढले. काकूंनी मुलीला विचारले, "हे काय?" तिने सांगितले. काकूंनी दोन क्षण कागद पाहिला आणि माझ्या हातातून पेन घेतले. सुटसुटीत अक्षरात नाव लिहिले, नाशिकचा पत्ता लिहिला, आणि मराठीत सही केली. काउंटरवरच्या माणसाने नम्रपणे विचारले, ही तुमची नेहमीचीच सही का? मुलीने भाषांतर करायच्या आत काकू इंग्रजीत म्हणाल्या, "सेम ॲज पासपोर्ट."

भारतात या लग्नाला आजही कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करायला नकार दिला आणि निर्णय संसदेवर सोडला. काकू परत गेल्या त्या अशा देशात, जिथे त्यांनी ज्याला साक्ष दिली ते लग्न कायद्याच्या दृष्टीने झालेलेच नाही.

साधारण वर्षभराने मला त्यांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. "माझा एखादा तरी फोटो असेल का? मागून असला तरी चालेल." मी सगळ्या फाइली पुन्हा पाहिल्या. नव्हता. हिरव्या पदराचे टोकसुद्धा नव्हते. शब्द पाळला याचे मला पहिल्यांदाच वाईट वाटले, आणि तरी तो पाळला हे योग्यच होते असे आजही वाटते. दोन्ही एकाच वेळी खरे आहे, त्याला इलाज नाही.

मी कळवले, "काकू, फोटो नाही. पण तुमची सही इथल्या सरकारी दप्तरात आहे." मुलीने रीतसर अर्ज करून विवाहपत्राची प्रमाणित प्रत काढली आणि नाशिकला पाठवली. तिथे ती कपाटात आहे की भिंतीवर, ते मी विचारलेले नाही.

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांची मुले आता लग्नाच्या वयाची होत आहेत. भाचरे, पुतणे, मित्रांची मुले आहेत. त्यातले एखादे लग्न तुमच्या कल्पनेपेक्षा निराळे निघेल. तुम्हाला लगेच सगळे पटेल असे मी म्हणत नाही, मलाही सगळे लगेच पटले नव्हते. फोटोत यायचे नसेल तर नका येऊ, मी सांभाळून घेईन. पण बोलावले तर जा. तो साक्षीदाराचा रकाना मी भरावा असे मला खरोखर वाटत नाही.